घरातील वस्तू आणि अनेक 'मी' : क्लोद काहूँ (१८९४–१९५४)

क्लोद काहूँ यांचे चरित्र मराठीत लिहावयास घेतले की पहिली अडचण क्रियापदाची येते. फ्रेंच भाषेत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. त्या भाषेत लिहिणाऱ्या या लेखिकेने आपल्या प्रमुख ग्रंथात, आपण प्रसंगानुसार पुरुष असू वा स्त्री असू, परंतु आपणास सर्वकाळ मानवेल असे लिंग नपुंसकच होय, अशा आशयाची भूमिका मांडली आहे. तिच्या भाषेत नसलेले हे तिसरे लिंग मराठीला उपलब्ध आहे. तथापि मराठीतील नपुंसकलिंग मुलांना, पाखरांना आणि भांड्याकुंड्यांना जितके सहज लागू पडते, तितके कर्त्या माणसाला लागू पडत नाही. लावलेच तर त्यात हेटाळणीचा सूर येतो. उलट कुपवाड, मिरज, सांगली या कृष्णाकाठच्या पट्ट्यातील बोलीत बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. प्रमाण मराठीने पुरुषाकडे दिलेले रूप त्या कोणताही आव न आणता वापरतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. प्रथमपुरुषी 'मी'चे लिंग ही निसर्गदत्त बाब नसून भाषिक संकेताची बाब आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात 'त्या' हे आदरार्थी रूप योजले आहे, कारण काहूँ यांनी स्वतःविषयी लिहिताना बहुतांशी स्त्रीलिंगच वापरले. मात्र ही लेखकाने केलेली निवड आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मराठी विभागाच्या पत्रिकेत एका फ्रेंच छायाचित्रकर्तीचे चरित्र कशासाठी, ही शंका रास्त आहे. काहूँ प्रथमतः लेखिका होत्या. त्यांची छायाचित्रे आज जगभर संग्रहालयांतून दिसत असली तरी त्यांच्या हयातीत ती जवळजवळ कोणीच पाहिली नव्हती. दुसरे असे की, आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण एक सलग, ओळखता येणारा 'मी' गृहीत धरून चालतो. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मकथनाला 'स्मृतिचित्रे' असे नाव दिले. सोवळे-ओवळे, स्वयंपाकघर, भांडी, पैपाहुणा यांच्या गर्दीतून तेथे जो 'मी' उभा राहतो तो कितीही बदलला तरी एकच असतो. काहूँ यांची चित्रेही घरातल्याच वस्तूंनी भरलेली आहेत. परंतु त्यांतील 'मी' प्रत्येक चित्रात निराळा आहे. अतिवास्तववादाशी मराठी वाचकाचा परिचय मुख्यतः साठोत्तरी कवींच्या आणि लघुअनियतकालिकांच्या द्वारे झाला, तोही ब्रतों, एल्युआर, दाली अशा पुरुषांच्या नावांनी. त्या चळवळीत एका स्त्रीने घर, वेष आणि वस्तू यांचे काय केले, हे या चरित्रातून पाहावयाचे आहे.

त्यांचे जन्मनाव ल्युसी श्वोब. २५ ऑक्टोबर १८९४ रोजी पश्चिम फ्रान्समधील नाँत या बंदराच्या शहरी एका सुस्थित ज्यू घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील मोरिस श्वोब हे तेथील एका प्रतिष्ठित प्रजासत्ताकवादी दैनिकाचे मालक-संपादक होते. काका मार्सेल श्वोब हे प्रतीकवादी पिढीतील नामवंत लेखक. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तींची कल्पित चरित्रे रचणारा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे बोर्हेससारख्या लेखकाने त्याचे ऋण मानले. पुतणी दहा वर्षांची असताना, १९०५ मध्ये, ते वारले. चरित्र ही रचलेली गोष्ट असते, ही कल्पना या मुलीला अशी घरातच मिळाली.

घरातील दुसरा वारसा दुःखाचा होता. आई मानसिक आजाराने ग्रासलेली होती आणि कालांतराने तिला रुग्णालयात ठेवावे लागले. मुलीला वाढविले ते आजीने, मातील्द काहूँ यांनी. ही आजी अंध होती. जिच्या प्रतिमांवर पुढे इतके लिहिले गेले ती मुलगी, जी व्यक्ती तिला पाहू शकत नव्हती तिच्या हाताखाली लहानाची मोठी झाली. या योगायोगावर फार मोठा मनोविश्लेषणात्मक डोलारा उभारण्याचा मोह टाळलेला बरा. ड्रायफस प्रकरणानंतरच्या त्या काळात फ्रान्समध्ये ज्यूद्वेष उघडपणे वावरत होता. शाळेत त्याची झळ लागली तेव्हा वडिलांनी १९०७ च्या सुमारास तिला इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका शाळेत धाडले. इंग्रजीवर त्यांची पकड बसली ती तेथे.

१९०९ मध्ये सुझान मालेर्ब यांच्याशी त्यांची गाठ पडली. सुझान दोन वर्षांनी मोठ्या आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या. ही मैत्री प्रेमात परिणत झाली आणि पंचेचाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत टिकली. १९१७ मध्ये श्वोब यांच्या वडिलांनी, पहिल्या पत्नीशी घटस्फोट झाल्यानंतर, सुझानच्या विधवा आईशी विवाह केला आणि या दोघी नात्याने सावत्र बहिणी झाल्या. एका घरात राहण्याला समाजमान्य असे नाव त्यामुळे आपोआप मिळाले. बहीण या नात्याच्या आड दुसरे नाते निर्धास्त नांदू शकते, हा अनुभव त्यांना असा ऐन तारुण्यात आला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

याच सुमारास ल्युसी श्वोब यांनी 'क्लोद काहूँ' हे नाव कायमचे घेतले. आडनाव आजीचे. 'क्लोद' हे नाव फ्रेंचमध्ये मुलाचेही असते आणि मुलीचेही, आपल्याकडील 'किरण' किंवा 'सुहास'सारखे. सुझाननेही 'मार्सेल मूर' हे नाव धारण केले. टोपणनावाने लिहिणाऱ्या स्त्रीचे उदाहरण मराठी अभ्यासकाला नवे नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण, या प्रश्नाने महाराष्ट्र ढवळून निघाला होता. बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी ते नाव संरक्षणासाठी घेतले होते. सुशिक्षित अविवाहित मुलींच्या मनातील ज्या गोष्टी त्यांना सांगावयाच्या होत्या त्या स्वतःच्या नावाने सांगणे त्या काळी शक्य नव्हते. त्या नावामागे खरे नाव सुरक्षित राहत होते. काहूँ यांच्या बाबतीत मात्र खरे नावच मागे पडले. मुखवटा काढला की खाली दुसरा मुखवटा, आणि हे चेहरे उतरविण्याचे काम कधी पुरे व्हावयाचे नाही, अशी कल्पना त्यांनी आपल्या ग्रंथातील एका छायाचित्र-जुळणीत मांडली आहे.

उपलब्ध आत्मप्रतिमांपैकी प्रारंभीची एक १९१४ च्या सुमाराची आहे. पांढऱ्या उशीवर डोके टेकलेले, हनुवटीपर्यंत चादर ओढलेली, केस उशीभर सर्व बाजूंना पसरलेले आणि डोळे थेट भिंगावर रोखलेले. प्रथमदर्शनी हे आजारी मुलीचे चित्र वाटते. आईच्या आजाराची पार्श्वभूमी ठाऊक असणाऱ्याला ते अधिकच तसे वाटेल. पण धड चादरीखाली नाहीसे झाल्यामुळे राहते ते केवळ शिर, आणि पसरलेल्या केसांमुळे ते ग्रीक पुराणातील मेडुसाचे शिर होऊन बसते. उशी आणि चादर या दोन घरगुती वस्तूंपलीकडे येथे कोणतेही साहित्य नाही. पुढील तीस वर्षांच्या कामाची रीत या एका चित्रात दिसते: घरात असलेलेच घ्यावयाचे, त्याची जागा थोडी बदलावयाची आणि त्यामुळे ओळखीचे शरीर अनोळखी होते काय ते पाहावयाचे.

१९२० नंतर दोघी पॅरिसला स्थायिक झाल्या. त्यापूर्वी १९१९ मध्ये काहूँ यांच्या गद्यकाव्यांचे एक पुस्तक मूर यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले होते. वाङ्मयीन दृष्टीने अधिक महत्त्वाचे लेखन म्हणजे १९२५ मधील 'नायिका' ही स्वगतांची मालिका. ईव्ह, डिलायला, ज्युडिथ, हेलन, सॅफो, पेनेलोपी, सिंड्रेला अशा पुराणकथा, बायबल आणि लोककथांतील स्त्रिया तेथे एकेक करून बोलतात, आणि त्यांना नेमून दिलेली भूमिका उसवून टाकतात. हेलन मुळात कुरूप असून सौंदर्य हे तिने शिकून घेतलेले कसब आहे. ईव्हला भुलविणाऱ्या सर्पाची भाषा आधुनिक जाहिरातींची आहे. पेनेलोपी ही पतिव्रता की अनिश्चयी, हे तिचे तिलाच ठरविता येत नाही. सिंड्रेलाला तर हलकेपणाचीच गोडी लागलेली आहे. पौराणिक स्त्रीला नव्याने बोलते करण्याची पद्धत मराठी कवितेत आणि नाटकातही रुळलेली आहे. परंतु आपल्याकडे अशी नायिका बहुधा अन्यायाचा जाब विचारते. काहूँ यांच्या नायिका तक्रार करीत नाहीत. आपण ही भूमिका वठवीत होतो आणि तीत आपल्यालाही काही मिळत होते, असे त्या सांगतात, आणि म्हणूनच वाचकाला अस्वस्थ करतात. स्त्रीच्या दास्यात तिच्या स्वतःच्या सहभागाचा प्रश्न या स्वगतांनी विचारला आहे. आपल्या स्त्रीवादी समीक्षेने तो अजून पुरेसा अंगावर घेतलेला नाही, असे मला वाटते.

या लेखनाशी नाते सांगणारे काम रंगभूमीवर झाले. १९२९ मध्ये प्येर आल्बेर-बिरो यांच्या अल्पायुषी प्रायोगिक रंगमंचावर काहूँ यांनी तीन भूमिका केल्या. एक निळ्या दाढीच्या सरदाराच्या पत्नीची, एक सैतानाची, एक शहरी गृहस्थाची. निळ्या दाढीच्या सरदाराची कथा ही घराचीच कथा आहे. किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या हाती देऊन एकच खोली उघडू नकोस असे बजावणारा नवरा तीत आहे. या वेषातील काहूँ यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. गालावर ठसठशीत रंग, ताठ वेण्या, बाहुलीचे हावभाव. स्त्रीने स्त्रीची भूमिका करताना ती इतकी ठळकपणे भूमिका म्हणून करावी, की स्त्रीपणच वेष वाटू लागावे, हा तो प्रकार. या बाबतीत मराठी प्रेक्षकाची तयारी पॅरिसच्या प्रेक्षकापेक्षा अधिक होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. १९०५ मध्ये मिरजेला शकुंतलेच्या वेषात रंगमंचावर आलेल्या बालगंधर्वांचे लुगडे, दागिने आणि केशरचना पुढे घराघरांतील स्त्रियांनी उचलल्या. स्त्रीत्वाचा आदर्श एका पुरुषाने घडविला आणि स्त्रियांनी त्याचे अनुकरण केले. मात्र बालगंधर्वांचा प्रेक्षक त्या भ्रमात रमत असे. तो भ्रम मोडण्यातच काहूँ यांना रस होता.

१९२७–२८ च्या सुमाराची छायाचित्रे आज सर्वांत प्रसिद्ध आहेत. एका मालिकेत कपाळावर वळवलेल्या बटा, गालांवर रंगवलेली बदामे, मुरडलेले ओठ आणि मांडीवर कसरतीचे वजन आहे. अंगातील तंग सदऱ्यावर इंग्रजीत लिहिलेली सूचना पाहणाऱ्याला दूर राहण्यास बजावते. पहिलवान आणि बाहुली या दोन भूमिका एकाच शरीरावर चढविल्यामुळे दोन्ही हास्यास्पद होतात. दुसऱ्या एका छायाचित्रात आखूड केसांच्या काहूँ चौकटीचा कोट घालून आरशाजवळ उभ्या आहेत. आरशासमोरची स्त्री हा युरोपीय चित्रकलेतील शतकानुशतकांचा विषय. स्वतःच्या रूपात गुंगलेल्या स्त्रीला चोरून पाहण्याची सोय त्यात असते. येथे मात्र त्या आरशाकडे पाठ फिरवून सरळ पाहणाऱ्याकडे पाहतात आणि आरशातील प्रतिमा भलतीकडेच पाहते. आणखी एका चित्रात काचेच्या घुमटाखाली ठेवलेले शिर दिसते. फ्रान्समधील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात घड्याळे आणि शोभेच्या वस्तू धुळीपासून राखण्यासाठी असे घुमट वापरीत. स्त्री ही घराची शोभा, या गुळगुळीत वाक्प्रयोगाचा शब्दशः अर्थ घेतला तर काय दिसेल, ते या चित्रात दिसते.

याच काळात, १९२९ मध्ये, त्यांनी केलेला हॅवलॉक एलिस यांच्या सामाजिक आरोग्यविषयक ग्रंथाच्या एका भागाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला. समाजातील स्त्री हा त्याचा विषय. मुंबईत र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून निघत होते. विषयाचे आणि नावाचे हे साम्य मुद्दाम जुळविलेले नाही. लैंगिकतेचा विचार धर्माच्या हातून काढून शास्त्राच्या हाती देण्याची ती एका पिढीची खटपट होती.

काहूँ यांचा प्रमुख ग्रंथ १९३० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक फ्रेंच कायद्याच्या परिभाषेवरील श्लेष आहे. मराठीत ते 'रद्दबातल कबुलीजबाब' असे करता येईल. दिलेला जबाब देताक्षणीच दिला नाही असे समजावे, अशी ही व्यवस्था. सुमारे दहा वर्षे लिहिलेल्या या ग्रंथात स्वप्ने, संवाद, पत्रे, सूत्रे, प्रार्थना आणि त्यांची विडंबने यांची सरमिसळ आहे. जन्म, शिक्षण, विवाह या क्रमाने जाणारे काहीही त्यात नाही. मूर यांच्या सहकार्याने केलेल्या छायाचित्र-जुळण्या त्यात आहेत. आधीच्या आत्मप्रतिमा कापून, डोळे, हात, ओठ, शिरे सुटी करून त्या नव्याने चिकटविलेल्या आहेत. ग्रंथ खपला नाही आणि त्यावर फारसे लिहिलेही गेले नाही. त्याच वर्षी मिरज–पुणे लोहमार्गावरील किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले आणि मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला आपल्या संसाराविषयी जाहीरपणे बोलण्याची जागा मिळाली. एकीकडे 'मी' म्हणण्याचा हक्क नुकताच हाती येत होता आणि दुसरीकडे एक स्त्री तो 'मी' मोडून पाहत होती. ही दोन टोके एकमेकांची खंडने आहेत असे मानू नये. जिला 'मी' म्हणू दिले गेले नाही तिला तो मोडण्याची चैन परवडत नाही, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. काहूँ यांच्यामागे वडिलांची संपत्ती होती, हेही विसरता येत नाही.

१९३२ मध्ये त्या क्रांतिकारी लेखक-कलावंतांच्या संघटनेत आल्या आणि आंद्रे ब्रतों यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९३४ च्या एका पुस्तिकेत त्यांनी लुई आरागाँ यांच्या प्रचारकी कवितेवर टीका केली. कविता परिणाम करते ती अप्रत्यक्षपणे, वाचकाला स्वतः निष्कर्षाकडे जावयास लावून, असा तिचा गाभा. पुढील वर्षी ब्रतों आणि जॉर्ज बाताय यांनी स्थापन केलेल्या फॅसिस्टविरोधी गटातही त्या होत्या.

अतिवास्तववाद्यांच्या वर्तुळात स्त्रीला मान होता, पण तो प्रेरणेचा, स्वप्नातील प्रतिमेचा. १९२४ मध्ये मॅन रे यांनी एका स्त्रीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनच्या खाचा काढून तिचे वाद्य केले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्त्रीची वस्तू करणारा हात तेथे पुरुषाचा आहे. १९३२ च्या सुमारास घेतलेल्या काहूँ यांच्या एका छायाचित्राशी त्याची तुलना करून पाहावी. घरातील एका मोठ्या कपाटाची दारे उघडी आहेत. आतल्या फळीवर, जेथे चादरी-पांघरुणांच्या घड्या ठेवावयाच्या, तेथे अंग मुडपून काहूँ झोपलेल्या आहेत. डोळे मिटलेले, एक हात फळीवरून खाली लोंबणारा. मोठे माणूस त्या जागेत एखाद्या ठेवून दिलेल्या बाहुलीएवढे दिसते. घर आवरताना चुकून स्त्रीच आत ठेवली गेली, असा विनोद त्यात आहे, आणि गुदमरही आहे. पण ती तेथे स्वतः चढून बसली आहे आणि डोळे मिटण्याचे नाटक करीत आहे, हे पाहणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही. व्हायोलिन झालेल्या स्त्रीला ही सोय नव्हती.

मे १९३६ मध्ये पॅरिसला शार्ल रातों यांच्या दालनात अतिवास्तववादी वस्तूंचे प्रदर्शन भरले. मेरेट ओपेनहाइम यांची केसाळ कातड्याने मढविलेली कपबशी तेथेच होती. काहूँ यांनीही वस्तू मांडल्या. त्यांपैकी एक आज शिकागोच्या संग्रहालयात आहे: टेनिसच्या चेंडूवर रंगविलेला डोळा, त्याला लावलेले केस, ढगाच्या आकाराची फळी आणि बाहुलीचा हात. या निमित्ताने त्यांनी एका कलाविषयक नियतकालिकात घरगुती वस्तूंपासून सावध राहण्याचा इशारा देणारा लेख लिहिला. रोजच्या वापराने वस्तू निमूट होतात, त्यांच्यातील धोका आणि आश्चर्य दोन्ही दिसेनासे होते. तेव्हा प्रत्येकाने स्वतःच्या हाताने निरुपयोगी, तर्काला न पटणाऱ्या वस्तू घडवून पाहाव्यात, असे त्यांचे सांगणे होते. हाताने काम करणाऱ्या माणसाला या वस्तूंचे मर्म बुद्धिजीव्यापेक्षा अधिक कळू शकेल, मात्र समाजव्यवस्था त्याला तिकडे फिरकू देत नाही, असेही त्यांनी मांडले. येथे जनाबाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. नामदेवांच्या घरची ही दासी जाते, केरसुणी, गोवऱ्या, धुणे यांच्याविषयी गाते, आणि त्या प्रत्येक कामाला विठ्ठल येऊन हात लावतो. दळणाऱ्या हाताला जे दिसते ते वाचणाऱ्या डोळ्याला दिसत नाही, ही गोष्ट संतकवितेच्या अभ्यासकाला वेगळी सांगावयास नको. दोघींच्या श्रद्धाविश्वांत काहीही समान नाही. वस्तूकडे पाहण्याची सवय तेवढी समान आहे.

१९३७ मध्ये लीझ देआर्म यांच्या ३२ बालकवितांचे पुस्तक काहूँ यांच्या २० छायाचित्रांसह निघाले. फुले, पाने, बाहुल्या आणि घरातील किडूकमिडूक यांची मांडणी करून घेतलेली ती चित्रे आहेत. त्याच वर्षी दोघींनी ब्रिटिश आधिपत्याखालील जर्सी बेटावर, सेंट ब्रेलाड येथे समुद्राकाठी घर घेतले आणि पॅरिस सोडले. शेजारी चर्च आणि दफनभूमी. गावकऱ्यांना त्या दोन फ्रेंच सावत्र बहिणी म्हणून ठाऊक होत्या; जरा विक्षिप्त, मांजराला दोरी बांधून फिरावयास नेणाऱ्या. आपल्या घराला त्या नाव नसलेले शेत म्हणत.

जुलै १९४० मध्ये जर्मन सैन्याने बेट ताब्यात घेतले. पुढील चार वर्षांत या दोघींनी जे केले ते काहूँ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत अदृश्य काम होय. बंदी मोडून त्या लंडन नभोवाणी ऐकत. सुझानला जर्मन येत असे. बातम्या, संवाद, उपरोधिक पद्ये त्या जर्मनमध्ये रचीत, घरच्या टंकलेखन यंत्रावर पातळ कागदाच्या अनेक प्रती काढीत आणि खाली निनावी सैनिक अशी सही करीत. सैन्याच्या आतच कोणी असंतुष्ट जर्मन हे लिहीत आहे असा भास त्यातून निर्माण होई. हे चिठोरे सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांत, मासिकांच्या पानांत, उभ्या मोटारींत, सैनिकांच्या कोटांच्या खिशांत जाऊन पडत. चाळिशी-पन्नाशीच्या दोन स्त्रिया बाजारहाट करीत हिंडत आहेत, यापलीकडे कोणाला काही दिसत नसे. ज्या भूमिकेची त्यांनी वीस वर्षे छायाचित्रांतून थट्टा केली ती, निरुपद्रवी घरगुती बाईची, आता त्यांनी मनापासून वठविली. १९३४ च्या पुस्तिकेतील अप्रत्यक्ष परिणामाचा सिद्धान्तही येथे अक्षरशः आचरणात आला. वाचणाऱ्या सैनिकाला आज्ञा द्यावयाची नाही, त्याच्या मनात शंका तेवढी सोडून द्यावयाची.

२५ जुलै १९४४ रोजी दोघींना अटक झाली. त्यांनी जवळ बाळगलेल्या औषधाने मृत्यू पत्करण्याचा प्रयत्न केला, पण त्या वाचल्या. नंतरच्या आजारपणामुळे त्यांना युरोपच्या भूमीवरील तुरुंगात हलविता आले नाही. हे सर्व दोन स्त्रियांनी एकट्यांनी केले यावर चौकशी करणाऱ्यांचा विश्वास बसेना. यामागे मोठी संघटना असली पाहिजे असे ते धरून चालले. १६ नोव्हेंबर १९४४ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला आणि नभोवाणी संच बाळगल्याबद्दल कारावासाची शिक्षा वेगळी दिली. दयेचा अर्ज करण्यास त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मृत्युदंड रद्द झाला आणि ८ मे रोजी, बेट मुक्त होण्याच्या आदल्या दिवशी, त्या सुटल्या.

परतल्या तेव्हा घर लुटले गेले होते. कलाकृती, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांचा मोठा भाग नष्ट झाला होता. त्या दिवसांतील एका छायाचित्रात डोक्याला रुमाल बांधलेल्या, वयस्क दिसणाऱ्या काहूँ घराच्या दारात उभ्या आहेत. पोशाख कोणत्याही प्रौढ गृहिणीचा असतो तसाच. फक्त दातांमध्ये जर्मन सैन्याचे गरुडचिन्ह धरलेले आहे. माझ्या मते त्यांच्या सर्व आत्मप्रतिमांत ही श्रेष्ठ होय. येथे वेष वेगळा चढवावा लागलेला नाही.

तुरुंगवासाने खालावलेली प्रकृती सुधारली नाही. ८ डिसेंबर १९५४ रोजी जर्सी येथे त्यांचे निधन झाले. सुझान १९७२ पर्यंत जगल्या. दोघींना सेंट ब्रेलाडच्या दफनभूमीत एकत्र ठेवले आहे आणि दगडावर त्यांची जन्मनावे आहेत. पुढील काही दशके काहूँ हे नाव जवळजवळ पुसले गेले. ज्या थोड्यांना ते आढळले त्यांतील काहींनी ते पुरुषाचे समजले. १९९२ मध्ये फ्रांस्वा लपेर्लिए यांचा चरित्रग्रंथ आला. १९९५ मध्ये पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी जर्सीच्या वारसा संस्थेने उरलेला संग्रह मिळविला. २०१८ मध्ये पॅरिसमधील एका वाटेला काहूँ आणि मूर अशी दोघींची नावे देण्यात आली.

ही जोडनावे अभ्यासकांपुढे एक प्रश्न ठेवतात. या छायाचित्रांना काहूँ यांनी बहुतेक शीर्षके दिलेली नाहीत. 'आत्मप्रतिमा' हा शब्द नंतरच्या सूचिकारांचा आहे. कपाटाच्या फळीवर डोळे मिटून झोपलेल्या व्यक्तीला कळ दाबता येत नाही. ती कळ सुझानने दाबली असण्याचाच संभव अधिक. काही छायाचित्रांत जमिनीवर छायाचित्र घेणाऱ्याची सावलीही पडलेली दिसते. अलीकडील सूच्यांतून म्हणून या चित्रांपुढे दोन्ही नावे लिहिण्याचा प्रघात वाढत आहे. तसे केल्यास आत्मप्रतिमा ही संज्ञा शिथिल करावी लागते, आणि आपल्या आत्मचरित्रांकडेही त्या दृष्टीने पुन्हा पाहावे लागते. 'स्मृतिचित्रे' लक्ष्मीबाईंनी स्वतः किती लिहिले आणि किती सांगून लिहवून घेतले, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.